पट्ट्यांना भुलू नका

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची ती, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लोक आजही हौसेने बनवून घेतात. दस्ता मेपलचा. त्याचे वाघासारखे पट्टे पाहून तुम्हीही भुलाल (साडीच्या दुकानात होतं तसंच!). पण आधी चापामागची निमुळती जागा बघा. तिथे लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच धावायला हव्यात. तिरक्या असल्या, तर दस्ता नेमका तिथेच मोडतो. लाकूड पूर्ण वाळलेलंही हवं.

आता बार उडवणारं लॉक. दमट हवेत टोपीचं लॉक जास्त भरवशाचं. पण नाताळानंतर तिथे हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या बंदुकांचा खास हंगाम असतो, त्यात टोपी चालत नाही. चकमकीचं घेणार असाल तर नुसतं लॉक अंधारात नेऊन घोडा पाडा आणि ठिणग्या बघा.