'तलवार'ची शाळा

आमच्या तुकोगंजापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. आमच्यापैकी पुष्कळांनी तो प्रथम पाहिला, तो मुंबईच्या सहलीत. गेट वे ऑफ इंडिया पाहावे, लाटा मोजाव्यात, शंख-शिंपले खिशात भरावेत आणि परतावे, असा आमचा क्रम असतो. परंतु तेथून जवळच, कुलाब्यात, एके काळी एक आगळी शाळा होती. तिची ओळख आम्हां विद्यार्थ्यांस असावयास हवी, असे आम्हांस वाटते.

त्या शाळेचे नाव 'एच. एम. आय. एस. तलवार'. नाव जहाजाचे, परंतु ही 'तलवार' कधी पाण्यावर तरंगली नाही. किनाऱ्यावरील ठाण्यासही जहाजासारखेच नाव द्यावयाचे, हा नौदलाचा रिवाज होय. दुसऱ्या महायुद्धात हिंदी नौदल झपाट्याने वाढले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून सुशिक्षित तरुण त्यात भरती झाले. 'तलवार'मध्ये त्यांना संदेशवहनाची विद्या शिकविली जाई. बिनतारी यंत्रे, मॉर्सची लिपी, बावट्यांच्या आणि दिव्यांच्या खुणा हे तेथील अभ्यासाचे विषय होते.

सरकारला हवे होते ते केवळ तरबेज हात आणि तीक्ष्ण कान. परंतु कान तयार करावेत आणि त्यांनी स्वदेशाची हाक तेवढी ऐकू नये, हे कसे घडावे? नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालू होते. इकडे नाविकांच्या वाट्यास निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांहून कमी वेतन आणि पदोपदी अपमान. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त पाहुणे यावयाचे होते. त्या दिवशी सकाळी 'तलवार'च्या भिंतींवर 'चले जाव'च्या अर्थाच्या घोषणा रंगविलेल्या आढळल्या. पुढे फेब्रुवारीत बी. सी. दत्त या नाविकास अटक झाली. ठाण्याचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून अर्वाच्य शब्द वापरले. तक्रारी झाल्या, परंतु त्यांची दाद लागली नाही.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'च्या नाविकांनी अन्न नाकारले व कामही थांबविले. आता शिकलेली विद्या उपयोगी पडली. बिनतारी यंत्रे त्यांच्याच हाती होती. संपाची वार्ता बंदरातील जहाजांना, कराचीला आणि दूरदूरच्या ठाण्यांना पोहोचली. ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. एम. एस. खान अध्यक्ष व मदन सिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती निवडली गेली. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट अशा तिन्ही पक्षांचे ध्वज एकत्र फडकले. मागण्यांत चांगल्या अन्नाबरोबर राजबंद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, ह्याही गोष्टी होत्या. भुकेल्या माणसाने परक्या देशाच्या स्वातंत्र्याचाही विचार करावा, हे आम्हांस फार मोठे वाटते.

२२ फेब्रुवारीस मुंबईचा कामगार नाविकांच्या पाठीशी उभा राहिला. त्या दिवशी परळला कमल दोंदे गोळीस बळी पडल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. सरदार पटेल व जिना या दोघांच्याही सल्ल्यावरून २३ तारखेस नाविकांनी शरणागती पत्करली. आपण ब्रिटनपुढे नव्हे, हिंदुस्थानपुढे माघार घेत आहोत, अशी त्यांची भावना होती. सूड घेतला जाणार नाही, असे त्यांस वाटले होते. प्रत्यक्षात शेकडो जणांना अटक झाली, शेकडो जण नोकरीतून काढले गेले. आणि स्वातंत्र्यानंतर भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही.

येथे कोणी म्हणेल, सैन्यात शिस्त मोडली तर राहिले काय? पुढाऱ्यांचीही हीच चिंता होती व ती पोकळ नव्हती. घंटा झाली की रांगेत उभे राहणाऱ्या आम्हांस शिस्तीचे मोल ठाऊक आहे. परंतु शिस्त दोन प्रकारची असते. एक आदरातून उपजते, दुसरी भयातून. जो अधिकारी हाताखालच्या माणसास शिवी देतो, तो शिस्तीच्या मुळावर पहिला घाव घालतो. संप हा त्यानंतरचा. चौकशी आयोगानेही नाविकांच्या तक्रारींत तथ्य मानले होते. मग दंड केवळ त्यांनाच का? त्यांचा त्याग स्वतंत्र भारताने अधिक लवकर ओळखावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उशिरा का होईना, ऋण मान्य होऊ लागले आहे. कुलाब्यात या उठावाचे स्मारक उभे आहे, आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव दाखविण्यात आला. हा केवळ मुंबईचा इतिहास आहे, असेही नव्हे. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्या जबलपूरच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रातील जवानांनीही काम थांबविले होते. समुद्राची हाक नर्मदेच्या काठापर्यंत ऐकू आली होती!

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सहलीत कुलाब्यास गेलात, तर त्या स्मारकापाशी क्षणभर थांबा. शिक्षण म्हणजे केवळ दिलेला संदेश बिनचूक पोहोचविणे नव्हे. तो कोणाचा आहे आणि कशासाठी आहे, हे विचारण्याचे धैर्यही त्यात येते. 'तलवार'च्या विद्यार्थ्यांनी हा धडा कोणी न शिकविता आत्मसात केला. तो त्यांच्याकडून शिकणे, हीच त्यांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.