ड्यूटीवर कोण होतं?



हल्ली पुष्कळ घरांत एक नवा नियम झाला आहे. शब्बातच्या जेवणाला मुलं, सुना, जावई जमले की आधीच सांगून टाकायचं, "बाबांनो, आज राजकारण नको." एकदा का विषय निघाला की ताटातलं अन्न निवून जातं आणि कोणीतरी रुसून बाल्कनीत जाऊन बसतं. एक मुलगा तेल अवीवला काप्लान रस्त्यावर झेंडा घेऊन जाणारा, दुसरा बीबींना मत देणारा. आईबापांनी कोणाची बाजू घ्यायची?

मी सत्तरी ओलांडलेली निवृत्त नर्स. कोणत्याही पक्षाची वकिली करायला मी बसलेली नाही. माझ्यासारख्या सामान्य नागरिकाला आज जो राग येतो तो डाव्या-उजव्याचा नाहीच. राग याचा येतो की या देशात एवढं मोठं काही घडलं, तरी "हे माझ्या वेळेत झालं, मी उत्तर देतो" असं म्हणणारा वरच्या खुर्चीवर सापडत नाही.

आमच्या पेशात 'ओव्हर' देणं-घेणं असतं. रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला एकेक पेशंट दाखवून सांगते, कोणाला ताप होता, कोणाला कोणतं इंजेक्शन दिलं, कोणाचं सलाईन किती वाजता संपणार. ते सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. एखादा पेशंट पलंगावरून पडला, एखादं औषध चुकलं, तर पहिला प्रश्न हाच असतो, "ड्यूटीवर कोण होतं?" मग सगळं लिहून द्यायचं. कोणाला फाशी देण्यासाठी नाही, तर उद्या दुसरा पेशंट तसाच पडू नये म्हणून. मुंबईला डिप्लोमा करताना मेट्रनने हे शिकवलं, आणि इथे हिब्रूत काम करतानाही तोच नियम होता. पेशंटला लागलंय आणि ड्यूटीवर कोणीच नव्हतं, असं म्हणायची सोय कोणत्याच वॉर्डात नसते.

आता ७ ऑक्टोबर २०२३ कडे बघा. त्या सिमखात तोराच्या सकाळी सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओढून गाझात नेलं. किबुत्झमधली माणसं सेफ रूमचं दार हाताने धरून तासन् तास सैन्याची वाट बघत होती. सैन्य का आलं नाही? आधीच्या सूचना कोणाच्या टेबलावर पडून राहिल्या? वर्षानुवर्षं गाझाबद्दल जे धोरण चाललं ते कोणी ठरवलं? हे प्रश्न कोणत्या पक्षाचे नाहीत. ज्याने मूल गमावलं त्याचे आहेत.

लष्करातल्या काही मोठ्या अधिकाऱ्यांनी जबाबदारी घेतली. गुप्तचर विभागाचे प्रमुख अहारोन हलीवा यांनी एप्रिल २०२४ मध्ये राजीनामा दिला. सरसेनापती हर्त्झी हलेवी यांनी २०२५ च्या जानेवारीत पद सोडत असल्याचं जाहीर केलं. पण धोरण काही फक्त गणवेशातली माणसं ठरवत नाहीत. मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती बसलेल्यांचं काय?

या कामासाठी आपल्याकडे कायदा आहे, १९६८ चा चौकशी आयोगाचा कायदा. त्यात सरकार आयोग स्थापन करतं, पण त्यावर कोण बसणार हे सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष ठरवतात. म्हणजे ज्याची चौकशी व्हायची त्याने चौकशी करणारा निवडायचा नाही, एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं उलटली तरी असा आयोग नेमला गेला नाही. उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने त्याऐवजी आपल्या पद्धतीची वेगळी समिती काढायचं ठरवलं, आणि तिने काय तपासायचं हे मंत्र्यांनीच ठरवायचं! हे म्हणजे ज्या वॉर्डात पेशंट गेला त्याच वॉर्डाच्या सिस्टरने आपली चौकशी करायला आपली मैत्रीण बोलावण्यासारखं झालं.

त्याच वर्षी मार्च महिन्यात या आयोगावर क्नेसेटमध्ये चर्चा होती. मेलेल्यांचे आईवडील प्रेक्षकांच्या सज्जात बसायला आले, तर त्यांना अडवलं गेलं, धक्काबुक्की झाली. मूल गमावलेल्या माणसाला हात लावायचा? आपल्या कोकणात कोणाच्या घरी सुतक असलं की भांडणारा शेजारीसुद्धा दारात येऊन गप्प बसायचा.

पूर्वी सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. पण पूर्वी लाज नावाची गोष्ट होती. १९७३ च्या योम किप्पूर युद्धात अडीच हजारांहून जास्त सैनिक गेले. युद्ध संपून महिना होतो न होतो तोच आग्रानात आयोग नेमला गेला. आयोगाने मुख्य ठपका लष्करावर ठेवला, गोल्डा मेयर यांना दोष दिला नाही. तरीही लोक शांत झाले नाहीत. मोत्ती अश्केनाझी नावाचा एक राखीव दलाचा अधिकारी, जो स्वतः सुवेझवरच्या चौकीत लढला होता, तो एकटाच फलक घेऊन पंतप्रधानांच्या कचेरीसमोर उभा राहिला. हळूहळू त्याच्यामागे हजारो आले. एप्रिल १९७४ मध्ये गोल्डाबाईंनी राजीनामा दिला. कागदावर त्या सुटल्या होत्या, पण जनतेच्या नजरेला नजर देणं हीसुद्धा एक चौकशीच असते, हे त्यांना समजलं.

१९७७ मध्ये यित्झाक राबीन यांच्या पत्नीचं अमेरिकेतल्या बँकेतलं डॉलरचं खातं उघडकीस आलं. तेव्हाच्या कायद्याने ते चालत नव्हतं. रक्कम आजच्या मानाने किरकोळ. पण बायकोला एकटीला पुढे करून राबीन मागे लपले नाहीत. निवडणूक तोंडावर असताना त्यांनी उमेदवारी सोडली. भारतात वाढलेल्या आपल्या पिढीला लालबहादूर शास्त्री आठवत असतील. १९५६ मध्ये अरियालूरला रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा गाडी काही शास्त्रीजी चालवत नव्हते, पण खातं त्यांचं होतं म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं.

आणि आज? माजी राष्ट्राध्यक्ष कत्साव आणि माजी पंतप्रधान ओल्मर्ट तुरुंगात गेले, याचा मला एका अर्थी अभिमान वाटतो. मोठा माणूसही कायद्यापुढे उभा राहतो, असे देश किती आहेत? पण आर्ये देरी लाचेच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आले, पुन्हा मंत्री झाले, २०२२ मध्ये करांच्या प्रकरणात पुन्हा दोषी ठरले आणि त्याच वर्षाअखेरीस पुन्हा मंत्री! न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती नेमणूक रद्द केली, तर दोष न्यायालयालाच दिला गेला. पंतप्रधानांवर २०२० पासून खटला चालू आहे. निकाल लागेपर्यंत ते निर्दोष, हे मी मानते. पण खटला चालू असलेल्या माणसाच्या सरकारने न्यायव्यवस्था बदलायला घ्यावी, हे साध्या माणसाला कसं पटेल?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. माझ्याच नात्यातले लोक म्हणतात, "न्यायाधीशांवर आमचा विश्वास नाही. ते एका बाजूचे आहेत." हा राग खोटा नाही. दिमोना, लोद, येरुहामला आलेल्या आपल्या लोकांना वरच्या वर्गाने कसं वागवलं ते आपण विसरलेलो नाही. पण त्यावर उपाय काय? दोन्ही बाजूंना मान्य होतील अशी नावं शोधा, सुनावणी उघड्यावर घ्या, सगळ्या सरकारांना प्रश्न विचारा, या सरकारलाही आणि आधीच्यांनाही. डॉक्टरवर विश्वास नसेल तर दुसरा डॉक्टर बघावा. तपासणीच नको म्हणणारा माणूस आजाराला भीत नसतो, रिपोर्टला भीत असतो.

आयोगाने काय होतं, असंही कोणी विचारेल. मेरोनला २०२१ मध्ये लाग बाओमेरच्या रात्री ४५ माणसं चेंगरून मेली. पुढच्या सरकारने आयोग नेमला आणि मार्च २०२४ मध्ये अहवाल आला. त्यात पंतप्रधानांवरही वैयक्तिक जबाबदारी ठेवली. खुर्च्या हलल्या नाहीत हे खरं, पण लिहिलं तरी गेलं. पुढच्या पिढीला कळेल की तो देवाचा कोप नव्हता, माणसांची हयगय होती.

आपल्या धर्मातही हेच सांगितलं आहे. शोफ्तीमच्या पाराशात येतं, शेतात मेलेला माणूस सापडला आणि मारणारा कळला नाही, तर अंतर मोजायचं आणि जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी तिथे येऊन सर्वांसमोर उभं राहायचं. खून त्यांनी केला असा संशयही नसतो. तरी त्यांनाच यावं लागतं, कारण गाव त्यांच्या हाती असतं.

सामान्य माणूस काय करणार, असं म्हणून आपण हात झटकतो. पण आपल्या बेने इस्राएल समाजाने हे म्हणू नये. १९६२ मध्ये रब्बीनेटने आपल्या लग्नांवर वेगळ्या अटी लादल्या, तेव्हा आपले लोक कोण होते? गिरण्यांत, बांधकामावर, इस्पितळात काम करणारी साधी माणसं, हिब्रू धड येत नव्हती. १९६४ च्या उन्हाळ्यात ती बायकापोरांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटला खास बैठक घ्यावी लागली आणि बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव झाला. तेव्हा मी भारतात शाळेत होते, पण त्या ठरावामुळेच पुढे मी इथे ताठ मानेने आले.

कायद्याप्रमाणे ऑक्टोबर २०२६ पर्यंत निवडणूक व्हायची आहे. पुन्हा उमेदवार आपल्या हॉलमध्ये येतील, मलिदा खातील, आपल्या साड्यांचं कौतुक करतील, फोटो काढून जातील. यंदा त्यांना सिनेगॉगच्या छपराचे पैसे मागण्याआधी एकच प्रश्न विचारा, "राष्ट्रीय चौकशी आयोगाला तुम्ही हात वर करणार का? हो की नाही?" उत्तर नीट ऐका आणि मत कोणालाही द्या.

आणि हा नियम स्वतःलाही लावू या. गावच्या सिनेगॉगमध्ये गब्बाय वर्षाचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवत, आणि एखादी आजीबाई चार आण्यांचाही हिशोब विचारू शकत असे. आज आपल्या किती कमिट्या हिशोब वाचतात? मुलांना हे घरात, समाजात दिसलं, तरच ती उद्या मंत्र्याला विचारतील.

शब्बातच्या जेवणाला भांडण नको, हे मलाही मान्य. पण बीबी चांगले की वाईट हा वाद बाजूला ठेवून "त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं?" एवढंच विचारलं, तर माझ्या टेबलावरची दोन्ही मुलं निदान एका वाक्यावर तरी मान डोलावतील असं मला वाटतं. सुरुवात तेवढ्यावरूनही करता येईल.