साडेतीनशे रुपयांचा उजेड

आधीच सांगते, मी काही 'सायकलिस्ट' वगैरे नाही. ते घट्ट कपडे, पहाटे साडेचारला ग्रुपवर पडणारे 'गुड मॉर्निंग रायडर्स'चे मेसेज... आपल्याला नाही बुवा जमत! पण मागच्या महिन्यात एका मित्राने कौतुकाने सायकलचा नवा लाइट दाखवला. किंमत विचारली तर म्हणे, आठ हजार. अहो, माझी अख्खी सेकंडहँड सायकल साडेचार हजारांची! त्यात फ्रीलान्सरचं पेमेंट म्हणजे कायम 'प्रोसेसमध्ये'. म्हटलं, स्वस्तातला मागवू आणि बघू काय दिवे लावतोय ते.

३४९ रुपयांत लाइट दारात हजर. खोक्यावर लिहिलेलं, '१००० लुमेन, ६ तास बॅटरी'. सॉलिड! पण टेस्ट कुठे करणार? आपल्या शहरात रात्री दोनलासुद्धा होर्डिंगचा एवढा झगमगाट, की लाइट चालू आहे का बंद तेच कळत नाही. खरा अंधार हवा होता. मग आठवला मामा. मुक्काम पोस्ट सव, महाडजवळ, सावित्रीच्या काठी. बाकीचे लोक सवला गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जातात, मी गेले अंधारासाठी.

मामा महाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होता. तीस वर्षं शिफ्ट केली, तीही सायकलवर. त्याने लाइट तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा हलवला. ''हा काय उजेड पाडणार?'' मग चष्मा लावून बॅटरीवरचं बारीक अक्षर वाचलं, १२०० एमएएच, ३.७ व्होल्ट. लाइट बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. ''म्हणजे साधारण साडेचार वॉट-अवर. चांगला एलईडी वॉटला शंभर-सव्वाशे लुमेन देतो. १००० लुमेनला आठ-दहा वॉट लागणार. अर्धा तास चालेल, फार तर. सहा तास चालला तर १००० लुमेन नाही, आणि १००० लुमेन असेल तर सहा तास नाही. काय ते एकच खरं.''

माझं मास कॉमचं शिक्षण तिथेच संपलं.

मामाच्या काळ्या सायकलला अजून डायनॅमो आहे. सहा व्होल्ट, तीन वॉट, टायरला घासून चालणारा. पेडल जड होतं, वेग कमी केला की दिवा पिवळा पडतो आणि थांबलात की गुल. त्यापुढे माझा एलईडी म्हणजे चमत्कारच म्हणायचा. अर्थात याचं श्रेय कंपनीचं नाही. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आज तो साडेतीनशेला पदरात पडतो.

रात्री नऊला निघालो. मी पुढे, मामा मागे. पहिली दहा मिनिटं धमाल! समोर पांढराशुभ्र गोल. पण गोलाच्या बाहेर? काळोख. उजेड पडत होता सहा-सात मीटरवर. ताशी २० किलोमीटरने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. म्हणजे खड्डा दिसल्यावर माझ्या हातात सेकंदभर. तेवढ्यात फक्त ''आई गं'' म्हणता येतं. तेच म्हटलं. दणक्याने रबरी पट्टा फिरला आणि माझा १००० लुमेनवाला लाइट आंब्याच्या झाडावर पडला. म्हणजे उजेड पडला, मी वाचले.

मी थांबून पट्टा सरळ करत होते. मामा दोन हात मागे उभा. तो थांबल्यामुळे त्याचा दिवा विझलेला. आणि मागून टेम्पो आला. ब्रेकचा तो आवाज अजून कानात आहे. टेम्पो मामाच्या कॅरिअरपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर ओरडला, ''काका, दिसत नाय तुम्ही!''

मामा काही बोलला नाही. सायकल हातात धरून आम्ही बराच वेळ चालत राहिलो. मग म्हणाला, ''आमच्या शिफ्टचा एक जण असाच गेला. मागून गाडी आली. पुढचा दिवा पेटलेला होता हो त्याचा.''

महाडकडच्या माणसाशी रात्रीच्या रस्त्याबद्दल बोललं, की गोष्ट २ ऑगस्ट २०१६ वर येतेच. सावित्रीला पूर होता, ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला आणि दोन एसट्या नदीत गेल्या. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरूही झाला. ''हेडलाइट होते की त्या गाड्यांना,'' मामा म्हणाला. ''उजेड आहे म्हणजे सगळं दिसतं असं नसतं, पोरी. जेवढं दिसतं, तेवढ्याच वेगाने जायचं.''

तर आता निकाल. लाइट फुल्लवर ४० मिनिटं टिकला, मग मलूल झाला. मामा जिंकला. लो मोडवर मात्र दोन तास आरामात. ऑफिसातून घरी यायला पुरे, काळोख्या गावरस्त्यावर भरधाव जायला अजिबात नाही. तुम्ही घेणार असाल तर लुमेनचा आकडा विसरा, बॅटरीचा वाचा. पट्टा घट्ट बसतो का बघा. लाइट थोडा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपवू नका. आणि पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर शहरात आधी मागचा लाल घ्या. रस्ता तुम्हाला स्ट्रीटलाइट दाखवेल, पण तुम्ही मागच्याला दिसायला हवेत ना!

मी दोन लाल घेतले, दीडशेचा एक. स्वतःची बॅटरी असलेले, थांबल्यावरही पेटणारे. एक माझ्या सायकलला. दुसरा महाडच्या एसटीने जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर सवला पाठवला. चार दिवसांनी मामाचा फोन आला. मी विचारलं, ''लावलास का?''

''लावला. तुझी मामी म्हणते, आता गल्लीच्या तोंडाशी आलास की कळतं. भाकरी तव्यावर टाकता येते.''