आफ्रिका सफारी : तीन आठवडे, पावणेतीन लाख

भडकल गेटजवळून रोज ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की हे शहर एका आफ्रिकन माणसानं वसवलंय? मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून या हातातून त्या हातात विकला जात तो दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली. त्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याचं भडकल गेट १६१२ पासून उभं आहे. त्याचा प्रवास काही हौसेचा नव्हता. आपला मात्र शंभर टक्के हौसेचा आहे, आणि हौस म्हटली की हिशेब आलाच!

तर मंडळी, आफ्रिकेत जायचंय. तेही सात दिवसांच्या पॅकेजवर नाही, चांगले तीन आठवडे. कॅनॉटच्या चहाच्या टपरीवर हे वाक्य टाकलं की दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, 'लॉटरी लागली का रे?' आणि दुसरी (ही घरून येते), 'एवढ्या पैशांत पडेगावला प्लॉट बघितला असता.' दोन्हींना एकच उत्तर आहे. सफारीचा खर्च आठवड्यांवर ठरत नाही, तो जंगलातल्या दिवसांवर ठरतो.

मीटर कुठे पडतं?

ब्रोशरमध्ये ही गोष्ट कधी ठळक अक्षरांत नसते. केनियातल्या मसाई मारामध्ये परदेशी पाहुण्याला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर प्रवेश फी आहे आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. २०२४ पासूनचे हे दर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. टांझानियात सेरेंगेटीची फी हंगामात टॅक्स धरून सुमारे ८३ डॉलर, गोरोंगोरोची सुमारे ७१. शिवाय गोरोंगोरोच्या त्या प्रसिद्ध विवरात गाडी उतरवायची तर गाडीमागे सुमारे २९५ डॉलर वेगळे. हे झालं नुसतं गेटवरचं. जीप, ड्रायव्हर, डिझेल, तंबू आणि जेवण अजून बाकी आहे.

म्हणजे जंगलातला दिवस महाग. पण नैरोबीतला, नैवाशातला किंवा मोशीतला दिवस? साधं गेस्टहाउस, बसनं प्रवास, दोन वेळचं जेवण धरून तीन हजार रुपयांत बसवता येतो. म्हणून आमच्या २१ दिवसांत महागडे दिवस फक्त ७ आहेत. उरलेले १४ स्वस्त आहेत, पण भाकड अजिबात नाहीत.

नैवाशाजवळच्या हेल्स गेटमध्ये तुम्ही चक्क सायकल चालवत झेब्रे आणि जिराफ बघू शकता. मोशीत सकाळी आभाळ मोकळं असेल तर खिडकीतून ५,८९५ मीटरचं किलिमांजारो दिसतं, आणि बघण्याचे पैसे पडत नाहीत! शेवटी झांझिबार. तिथल्या स्टोन टाउनमध्ये १९४६ साली एक पारशी मुलगा जन्मला, शिकायला थेट आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग स्कूलमध्ये आला आणि पुढे 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी झाला. या सगळ्यात गेटवर डॉलर मोजावे लागत नाहीत, किंवा फार थोडे लागतात.

जुलै नको, जानेवारी

लाखो विल्डबीस्ट नदीत उड्या घेतायत आणि खाली मगरी वाट बघतायत, हे टीव्हीवरचं दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरमधलं. नेमकी तेव्हाच माराची फी दुप्पट आणि हॉटेलंही फुल्ल. पण हे कळप वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एंडुटूच्या गवताळ मैदानावर असतात. साधारण फेब्रुवारीत तिथे काही आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू उभं राहतं, कारण सिंह आणि तरस आसपासच असतात. हवा बऱ्यापैकी कोरडी असते, आणि माराची फी १०० डॉलरच.

ऑफिसच्या कॅलेंडरमध्येही हा काळ बसतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपलेल्या, मार्च एंडिंगचा गोंधळ अजून लांब आणि मध्ये २६ जानेवारी. पाच दिवसांचा आठवडा असेल तर १४ रजा पुरतात. वाळूज-शेंद्र्यात शनिवारीही पंच करणाऱ्यांना १७ लागतील. एवढी रजा एकगठ्ठा कुठलाच बॉस हसत देत नाही. म्हणून अर्ज सहा महिने आधी करा, आणि ईएल साठवायला त्याच्याही आधीपासून लागा. पैसे उधार मिळतात हो, रजा मिळत नाही!

आता कागद-पेन घ्या

डॉलर ९० रुपये धरलाय. माणशी हिशेब असा :

विमान (मुंबई-नैरोबी, परत दार-एस-सलामहून) : ५०,०००
व्हिसा, लस, विमे : १५,०००
मसाई मारा, ३ दिवस, दुसऱ्या ग्रुपबरोबर शेअरिंगमध्ये : ४०,०००
सेरेंगेटी-गोरोंगोरो, ४ दिवस, तंबूत मुक्काम : ७५,०००
उरलेले १४ दिवस : ४२,०००
बस, फेरी आणि इथून मुंबईपर्यंतची रेल्वे : १८,०००
टिप आणि अडीअडचणीला : ३५,०००

एकूण २ लाख ७५ हजार. विमानाचं भाडं आणि टूरवाल्यांची कोटेशन वरखाली होणारच, म्हणून तो शेवटचा आकडा मोठा ठेवलाय. महिन्याला ९,००० ची आरडी ३० महिने चालवली की व्याजासकट एवढे होतात. आमची पुढच्या डिसेंबरात मॅच्युअर होतेय. सगळं एकाच ट्रॅव्हल कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतलंत तर वर टीसीएस कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण पैसे तोवर अडकतात. बजेटमध्ये त्याचे दर बदलतात, म्हणून बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

चौथा भिडू

कागदावर सगळं छान जमलं होतं. मग गेल्या महिन्यात आमच्या चौघांतल्या एकानं ग्रुपवर मेसेज टाकला, 'माझं जरा अवघड दिसतंय.' त्याचे वडील येत्या वर्षी रिटायर होतायत, क्वार्टर सोडावं लागणार आणि घरच्यांनी सातारा परिसरात फ्लॅट बघितलाय. डाउन पेमेंटला त्याच्या आरडीकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. त्याला 'आयुष्यात एकदाच' वगैरे ऐकवणं सोपं आहे. पण हप्ता त्याला भरायचाय, आपल्याला नाही.

भावना बाजूला ठेवून आधी हिशेब केला. टांझानियाच्या चार दिवसांत काही खर्च डोक्यामागे असतो आणि काही गाडीमागे. फी, तंबू, जेवण यांचे माणशी सुमारे ५०० डॉलर. तो आला काय, न आला काय, आपले तेवढेच राहतात. पण जीप, ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि विवराची फी मिळून १,३०० डॉलर गाडीमागे. चौघांत ते माणशी ३२५ पडतात, तिघांत ४३३. फरक १०८ डॉलर, म्हणजे पावणेदहा हजार रुपये. तो आला नाही तर आपली ट्रिप बुडते ही जी भीती होती, तिची किंमत एवढीच निघाली.

मग दुसरा प्रश्न विचारला. त्याला पूर्णच का गाळायचं? आमच्या प्लॅनचे पहिले दहा दिवस केनियाचे आहेत : नैरोबी, नैवाशा, मसाई मारा. तेवढंच करून तो नैरोबीहून परत फिरला, तर सव्वा लाखाच्या आत बसतं. उरलेले दीड लाख फ्लॅटला. हे त्यानंच घरी मांडलं, वडिलांसमोर कागद ठेवून. तो दहा दिवस येतोय. पुढच्या जीपचे वाढीव पावणेदहा हजार आम्ही तिघांनी मान्य केलेत. तुमच्याही ग्रुपमध्ये असा कुणीतरी निघणारच. त्याला गळ घालण्याआधी कुठला खर्च डोक्यामागे आणि कुठला गाडीमागे, हे वेगळं लिहून काढा. आणि टूरवाल्याला अॅडव्हान्स देण्याआधी सगळ्यांचं हो-नाही एका तारखेला नक्की करून टाका.

गाडी चालवता येते? मग क्रुगर

ज्यांना जीप-ड्रायव्हर परवडत नाही त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर नॅशनल पार्क आहे. जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर जंगल, आत डांबरी रस्ते आणि स्वतःची भाड्याची साधी कार घेऊन फिरायची मुभा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. वेगमर्यादा डांबरीवर ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत कँपमध्ये परतायचं आणि वाटेत गाडीतून उतरायचं नाही, हे दोन नियम कडक. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओत मिळतं. व्हिसा मात्र आधीच काढावा लागतो. आणि गंमत म्हणजे तिथे सिंहांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका कँपचं नाव आहे 'सातारा'! जमिनीची मोजणी करताना एका भारतीय मदतनिसानं १७ नंबरच्या प्लॉटला 'सत्रह' म्हटलं आणि त्याचं सातारा झालं, असं सांगतात. कंदी पेढे मिळत नाहीत, एवढीच खंत.

निघण्याआधी

यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं. ते नसेल तर केनियाहून भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसावं लागू शकतं, म्हणजे तेवढी रजा आणखी! मलेरियाच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नको.

केनियासाठी २०२४ पासून व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए काढावा लागतो. फी ३० डॉलरच्या आसपास. टांझानियाचा ई-व्हिसा ५० डॉलर. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून तिथलाच ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे, आपला ट्रॅव्हल इन्शुरन्स असला तरी. हे सगळे दर या घडीचे. निघण्याआधी सरकारी साइटवर पुन्हा बघा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी सूचनाही.

प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत नकोत. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. आईनं दिलेला चिवडा डब्यात भरा. खाण्याची फार काळजी नको. चपाती तिथेही चपातीच आहे आणि चहाला 'चाय' म्हणतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'डुका', विम्याला 'बिमा' आणि पैशाला 'पेसा'. अरबी समुद्र ओलांडून शतकानुशतकं ये-जा चालली त्याची ही शिल्लक. 'सफारी'सुद्धा आपल्या 'सफर'चीच बहीण.

दुर्बीण शेवटच्या दिवशी घेऊ नका. ८ बाय ४२ ची घ्या, आणि हिवाळ्यात दोन-तीन रविवार पैठणला जायकवाडीवर जाऊन हात बसवा. पहाटे उठायची, तासन् तास गप्प बसायची सवय तिथेच लागते. ती नसेल तर सेरेंगेटीत महागड्या जीपमध्ये बसून मोबाइल बघणाऱ्यांत तुमचा नंबर लागेल.

या आठवड्यात एवढंच करा. पासपोर्टची मुदत बघा, बँकेत आरडी सुरू करा आणि एचआरला रजा पुढच्या वर्षात किती नेता येतात ते विचारा. पडेगावचा प्लॉट? त्याची दुसरी आरडी काढू की!