कुलूप खासगी, सुरक्षा सार्वजनिक

मोटारीला भक्कम कुलूप लावले की चोर शेजाऱ्याच्या मोटारीकडे वळतो. गाडीत दडवलेले शोधयंत्र मात्र बाहेरून दिसत नाही. त्यामुळे त्याला प्रत्येकच गाडीचा धाक वाटतो. एअर्स व लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली अमेरिकी शहरांच्या आधारे दाखवले की, अशा यंत्राचा बहुतांश लाभ ते न बसवणाऱ्यांनाच मिळतो. असा लाभ बाजारावर सोडला तर तो अपुराच निर्माण होतो.

रस्त्यावरील जीविताच्या सुरक्षेलाही हेच लागू आहे. जून २०१६ मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम रेल्वे स्थानकावर भरसकाळी एका तरुणीची हत्या झाली; स्थानकात कॅमेरे नव्हते. पुढे पोलीस आयुक्त ए. के. विश्वनाथन यांच्या काळात ‘तिसरा डोळा’ योजनेत नागरिक व व्यापाऱ्यांच्या साहाय्याने शहरभर कॅमेरे लागले. उपक्रम स्तुत्यच. परंतु वर्गणी जमेल तेथे कॅमेरा, हे सूत्र मला मान्य नाही. बोट क्लब मार्गावरील बंगल्यांना वर्गणी जड नाही; व्यासरपाडीच्या गल्लीत रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीने ती कोठून द्यावी? शिवाय उद्घाटन एकदाच होते (छायाचित्रासह), दुरुस्तीचे देयक मात्र दरवर्षी येते. हा खर्च अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली यावा आणि कॅमेऱ्यांच्या जागा गुन्ह्यांच्या नोंदींवरून ठराव्यात.