नंबर लागला नाही, मग फिजिओ?

मंडळी, नीटचा निकाल लागला की आमच्या नांदेड-लातुरात घरोघर एकच वाक्य ऐकू येते, "एमबीबीएसला नंबर लागत नाही, बघू आता फिजिओ-बिजिओ." त्यातले ते 'बिजिओ' मला फार खटकते.

ज्याला आपण उरलेसुरले समजतो ते काम काय आहे, हे किती पालकांनी पाहिलेले असते? लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे, खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला चालते करणे, याला काय नुसती मालिश म्हणायचे? ऑक्युपेशनल थेरपीचे तर नावही कुणाला ठाऊक नसते. जेवण, आंघोळ, शर्टाची बटणे लावणे ही कामे रुग्णाला पुन्हा आपली आपण करता यावीत यासाठी ती असते. तिचे शिक्षण आपल्या देशात १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू झाले, तेही कमलाबाई निंबकरांच्या पुढाकाराने.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या भागाला तरी हे सांगावे लागू नये. ढिगाऱ्यातून काढलेला माणूस जगतो, पण पुन्हा शेतात जायला त्याला महिनोन्महिने हातपाय हलवून घेणारे कुणीतरी लागते.

लातूर पॅटर्नने मुलांना नीटच्या १८० प्रश्नांसाठी घासूनपुसून तयार केले, त्याचे कौतुकच आहे. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याकडून तोच पाय शंभरदा उचलून घेण्याची चिकाटी तुझ्यात आहे का, हे त्यात कुणी विचारत नाही. अमेरिकेत आधी पदवी घ्यावी लागते, आणि अर्ज करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टचे काम काही तास जवळून पाहिल्याचा दाखला अनेक कॉलेजे मागतात. आपल्याकडे बारावीनंतर थेट प्रवेश. मग ही तयारी घरानेच करून घ्यायला नको का? सुट्टीत आठ दिवस, परवानगी काढून, पोराला एखाद्या फिजिओथेरपी विभागात बसवा. भौतिकशास्त्रातली तरफ आपल्या कोपरात कशी चालते, हे त्याला तिथे दिसेल.

कुणी म्हणेल, सुरुवातीला पगार कमी असतो. खरे आहे. पण २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या दोन्ही व्यवसायांना स्वतंत्र स्थान दिले आहे. पगारासाठी भांडावे, म्हणून कामाला हलके लेखू नये.

असो. फॉर्ममध्ये फिजिओ नाइलाजाने भरायचे असेल, तर कृपा करून भरूच नका. नाखुशीने धरलेला हात रुग्णाला लगेच कळतो.