खाटीक : थोरला आणि धाकटा

या सदरांत आजवर इतरांच्या चुका पुष्कळ काढल्या. आज स्वतःची एक कबूल करावयाची आहे. डहाणूस शिक्षक असतांना कुंपणावरील खाटीक पक्षी दाखवून आम्ही मुलांस सांगत असूं, "मोठा दिसतो तो बाप, आणि लहान तें त्याचें पिल्लू." मुलें निमूटपणें तें वहींत उतरून घेत. पुढें तलासरीस बदली झाली. तेथें हेंच सांगतांना एका वारली विद्यार्थ्यानें शाळेमागील बोरीकडे बोट दाखवून विचारलें, "गुरुजी, ते पिलू, तर मग त्याच्या घरट्यात पिलं कशी?" आम्ही निरुत्तर झालों.

मग चष्मा पुसून नीट पाहिलें. या दोन निरनिराळ्या जाती आहेत. थोरला सुमारें २५ सेंटिमीटर लांब, त्यांतही शेपटीचाच वांटा मोठा. धाकटा १८ च्या आंतबाहेर, म्हणजे चिमणीहून थोडासाच मोठा. डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी दोघांसही असते आणि आमची फसगत तिनेंच केली. खरी ओळख पाठीवर आहे. धाकट्याची पाठ गडद काताच्या रंगाची व कंबर पांढुरकी. थोरल्याची पाठ वर राखी आणि कंबरेकडे तांबूस. पक्षी पाठमोरा उडाला कीं संशय फिटतो. शिवाय पिल्लांच्या अंगावर बारीक आडव्या रेषा असतात. आमच्या त्या 'पिल्ला'ची पाठ स्वच्छ आणि पट्टी काजळासारखी, कपाळ व्यापणारी होती. एवढें तरी दिसावयास हवें होतें!

या पक्ष्यांचें लॅटिन वंशनाम 'लानियस'. त्याचाही अर्थ खाटीकच. लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथांतील थोरल्याचें 'शाख' हें नांव त्याच्या कर्कश ओरडण्यावरून आलें आहे. नाकतोडा, सरडा, क्वचित् उंदराचें पिल्लूं पकडून हे पक्षी तें बाभळीच्या कांट्यास टोचून ठेवतात. यांत निव्वळ क्रौर्य नाहीं. शिकरा-ससाण्याप्रमाणें बळकट पंजे नसल्यामुळें भक्ष्य धरून फाडावयास कांटाच उपयोगी पडतो. कांटेरी तारही त्यांस चालते. हल्लीं बोरी-बाभळीचीं कुंपणें तोडून तारा ओढतात, तेव्हां हें बरेंच म्हणावयाचें. परंतु तारेवर भक्ष्य टांगतां आलें तरी घरटें बांधतां येत नाहीं. शाळेमागील ती बोरही आतां राहिली नाहीं.

डहाणूच्या त्या वर्गांतील कोणी हें वाचीत असल्यास त्यानें वहींतील तेवढी ओळ खोडावी.